नाव न घेता

माझं टेबल म्हापशात, केळ्यांच्या बाजारावर, माडीवर.
खाली मयड्याची केळी घडानं जातात,
वर मी शब्द घेते. बोली लावून.
'म्हापसा' महाग. 'गोड' कुणी विचारत नाही.
'खाजे' जत्रेच्या आठवड्यात दुप्पट.
आणि 'सगुण खाजे' :
दर टिचकीला अकरा रुपये.

घनश्याम मांद्रेकर माझं गिऱ्हाईक.
कारखाना करासवाड्याला, यंत्रातून शेव पडते,
पाकिटावर फुगडी घालणाऱ्या बायका.
म्हणाला, लोक सगुणचं नाव टाकतात,
त्यांना माझं दार दाखव.
दाखवलं.
नियमात बसतं ते.
दुसऱ्याचं नाव विकत घ्यावं,
फक्त जाहिरातीत लिहू नये.
म्हणजे नावावर उभं राहायचं
आणि नाव घ्यायचं नाही.

सगुण वायंगणकर जिना चढून आला तो दुपारी तीनला,
बाजार झोपेत असताना.
नखांत आल्याचा रस वाळलेला.
फोन माझ्यापुढं धरला, काचेवर गुळाचा अंगठा.
"हांवें म्हजें नांव घातलें. हो कोण आयलो?"

मी विचारलं, नावाची नोंदणी आहे?
तो पत्र्याविषयी बोलू लागला.
एक्याऐंशी साली पेंटर आग्नेलनं रंगवलेला,
मजुरी दोन किलो खाजे,
'ण'ला जागा पुरली नाही म्हणून तो थोडा वर चढलाय,
पायरी चढल्यासारखा.
मी म्हटलं, नोंदणी केलीत, तक्रार केलीत, तरी
ते जाहिरातीच्या मजकुरातून काढतील.
बोलीतून नाही.
"म्हणजे तोंडातून काढतात,
पोटात राहूं दितात."

पंखा फिरत होता. मी पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही.
घनश्यामचा बाप म्हणे बोडगेश्वराच्या जत्रेत
त्याच्याच शेजारी मांडायचा.
आरडायचा, गिऱ्हाईक बाहीला धरून ओढायचा,
"पूण आपल्या नांवान आरडटालो."

मग विचारलं, किती देतो तो माझ्या नावाचे?
अकरा, मी म्हटलं.
हसला. बराच वेळ हसला.
घरची तर चाळीस वर्षं फुकटसुद्धा घेत नाही.
बारशाला, हळदीकुंकवाला आग्रह झाला की
उखाण्यात आलं घालते, गूळ घालते, तीळ घालते,
यमकापर्यंत येते
आणि पदर तोंडाला लावते.

जाताना एक पुडा ठेवून गेला.
त्या संध्याकाळी माझी सगळी बटणं चिकट.

जत्रेच्या तिसऱ्या रात्रीचा अहवाल मी सकाळी उघडला.
कुणी काय शोधलं, त्याची यादी :
सगुण खाजे म्हापसा
सगुण खाजे दर
सगुन खाजा पार्सल
आणि रात्री दीड वाजता, एकदाच,
सगुण खंय पावले

हे टाइप केलेलं नाही.
हे बोललेलं आहे,
फोन तोंडाशी धरून, दुकानावरून माणूस अजून आलेलं नसताना,
घरात ऐकायला कुणी नसताना.
मला पुरावा नाही. पण 'पावले' असं
दुसरं कोण म्हणेल?

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून आमची जाहिरात गेली होती :
कुरकुरीत खाजे. घरपोच. वीस टक्के सूट.
टिचकी पडली नाही. खर्च शून्य.

आमच्याकडे एक नकोशा शब्दांची यादी असते.
ते कुणी शोधले तर आपण दिसायचं नाही.
'फुकट' आहे तिच्यात, 'नोकरी' आहे, 'कृती मराठीत' आहे.
त्यांच्याखाली ती ओळ मी टाकली.
एवढंच केलं.

'सगुण खाजे' चालू आहे.
काल घनश्यामचा फोन आला, म्हणाला,
बारा कर.